चौकटीतलं भांडण

आमच्या घरी भांडण वहीत होते. हसू नका, खरं सांगून राहिली. स्वयंपाकखोलीच्या दाराले खिळा आहे, खिळ्याले सुतळी, सुतळीले वही अन् वहीले पेन्सिल. मी लिहिते, आमचे हे वाचतात अन् तोंडानं जवाब देतात. यायचा, म्हणजे माह्या नवऱ्याचा, आवाज म्हणजे भोंगा. म्हणून आमच्या गल्लीले आमचं भांडण अर्धंच ऐकू येते, यायच्या वाटचं. माह्या वाटचं काय होतं ते समजून घ्यासाठी बाजूची हिरा कटोरी घेऊन साखर मागाले येते. साखर तिच्या घरी माह्यापेक्षा जास्त आहे.

हे म्हणजे मारोतराव. तीस वर्षं पोलादाच्या प्लांटात होते, मिलमध्ये. लोखंडाच्या जाड प्लेटी जिथं धडाधड पडतात, तिथं. कानात घालाचे बोळे प्लांटानं देले होते, पण यायनं ते कधी घातले नाही. डोकं जड होते म्हणे. ते बोळे घरी पडून राहत, मी मिरच्या कांडताना नाकात घालून पाह्यले, लय कामाचे निघाले. रिटायर व्हायच्या नऊ-दहा वर्षं आधीच यायचे कान गेले. कानाची मशीन आणली तं म्हणे, याच्यात आखी मिल वाजते. काढून कपाटात ठेवली ते आजपर्यंत.

मंग बोलाचं कसं? सुरुवातीले मी ओरडून बोलत होती. हुडको कॉलनीतली आमची घरं भिंतीले भिंत. यायले ऐकू येत नव्हतं अन् साऱ्या लाईनीले ऐकू येत होतं. एक दिवस मी यायच्या बहिणीबद्दल जे मनात होतं ते सगळं बोलली, अन् संध्याकाळी मंदिरापाशी चार बाया मले तेच विचारून राहिल्या, 'काय वं मथुरा, नणंद अशी आहे का?' माय वं, जमीन फाटली असती तं मी आत गेली असती. त्या दिवशी ठरवलं, लिहाले शिकाचं.

मले अक्षर येत नव्हतं. साकोलीकडच्या आमच्या गावात शाळा होती, पण मी म्हशीच्या मागं होती. तेव्हा मी चाळिशीची, अन् भूमिका पहिल्या वर्गात. उशिरा झालेली पोरगी, एकुलती एक. तिच्या गणिताच्या वहीचे मागचे पानं कोरे होते. चौकटीची वही असते ना, एका घरात एक आकडा, ते. ती समोरच्या पानावर बेरजा करत होती अन् मी मागच्या पानावर क, ख, ग काढत होती. तिच्या मॅडमनं सांगतलं होतं, एका घरात एकच. मले वाटलं, अक्षरायचा बी हाच कायदा आहे.

म्हणून माह्या वहीत एका घरात एकच अक्षर. काना आला तं कान्याले त्याचं स्वतःचं घर. वेलांटीले बी वेगळं घर, अन् तिचा पाय शेजारच्या छपरावर. जोडाक्षर आलं तं दोघायनं एकाच घरात भागवाचं, एका बर्थवर दोघं झोपल्यासारखं. वरून लांब रेघ नाही, ज्याचं त्याचं छप्पर. र लुकडा, एवढ्या घरात एकटा बोर होते, म्हणून त्याचं शेपूट मी पार कोपऱ्यापर्यंत नेते. ज्ञ जाडा, तो पोट आत घेऊन उभा राहते. लोक चौकटीच्या बाहेर बी लिहितात हे मले मागून समजलं, पण तवापर्यंत हात बसला होता. आजही वही संपली का मी चौकटीचीच आणते. दुकानदार विचारते, 'काकी, नाती कौनसी क्लास में है?' मी म्हणते, पहिलीत.

असं आमचं वीस वर्षं बरं चाललं होतं.

मागच्या पोळ्याच्या टायमाले मले वाटलं, का हे वही पाहून बी धड जवाब देत नाही. मी लिहिलं, 'गॅसवाला येऊन गेला, तुम्ही कुठं होते?' तं म्हणे, 'हो, वांगे आण.' मी समजली, मुद्दाम करून राहिले. दोन दिवस मी बी वहीले हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी चहाचा कप समोर ठेवला, अन् यायचा हात कपाच्या चार बोटं बाजूले टेबल चाचपून राहिला. मी कप उचलून यायच्या हातात देला.

डॉक्टरनं तपासलं अन् सांगतलं, काचबिंदू आहे, दोन्ही डोळ्यात. गेलेली नजर वापस येत नाही, राह्यलेली थेंबानं सांभाळाची. भूमिकानं विचारलं, 'अभी कितना दिखता है?' डॉक्टर म्हणे, नळीतून पाह्यल्यासारखं. मधातलं दिसते, बाजूचं नाही. नळी हळूहळू बारीक होऊ शकते.

हे बाहेर बाकड्यावर बसले होते. मी बाजूले बसली, पिशवीतून वही काढली अन् लिहिलं, 'डोळ्यात थेंब टाकाचे. रोज. विसराचं नाही.' यायनं वाचाले घेतलं. अर्ध्या ओळीवर बोट हुकलं. परत सुरुवात शोधली, परत हुकलं. 'घरी गेल्यावर पाहू,' म्हणे, अन् वही बंद करून माह्या हातात देली.

सरळ सांगते, त्या दिवशी मले जेवढं भेव लागलं तेवढं आयुष्यात लागलं नाही. आंधळ्या माणसाशी बोलता येते, बहिऱ्यासाठी लिहिता येते. पण ज्याचं दोन्ही गेलं, त्याले मी सांगू कसं, का मी इथं बाजूलेच बसली आहे?

भूमिका रायपूरले डिझाईनच्या ऑफिसात आहे. पाकिटं, पाट्या, कार्ड, जे काही छापते त्याचं रूप ती ठरवते. शनिवारी मेमू गाडीनं घरी येते. त्या शनिवारी तिनं यायच्यासाठी टॅब आणला, थाळीएवढा. काळ्यावर पिवळे अक्षरं, मोठे मोठे. माह्या मोबाईलवर मी लिहिलं का यायच्या टॅबवर उमटते, असं तिनं जोडून देलं. मी एका बोटानं शोधून शोधून लिहिलं, 'चहा घ्या.' यायनं टॅब नाकाजवळ नेला, इकडून तिकडून पाह्यला, अन् माह्याकडे सरकवला.

'ब्यांकेचं काहीतरी आहे,' म्हणे. 'केवायसी मागत असतीन.'

भूमिका हसली. मी नाही हसली. यायच्या हिशेबानं छापील अक्षर म्हणजे ब्यांक, प्लांटाचं सर्क्युलर, नाहीतर लग्नाची पत्रिका. बायको त्याच्यात कुठून येईन?

भूमिका बापाच्या बोटाकडे पाहत बसली. दिवसभर कधी टॅब समोर धरे, कधी माही वही. संध्याकाळी म्हणे, 'आई, तुझ्या वहीत बाबा कमी चुकतात.'

'कावून?'

'टॅबवर एक अक्षर रुंद, एक बारीक. बाबांना समजत नाही, नजर किती सरकवायची. तुझ्या वहीत हर अक्षर की जगह सेम है. बोट सारखंच सरकतं. आई, इसको मोनोस्पेस बोलते हैं. लोक मुद्दाम असे अक्षरं बनवतात. तू तं वीस साल से तेच करून राहिली.'

'मले कुठं माहीत होतं बाप्पा, अक्षर बाहेर बी निघते म्हणून.'

'अच्छा हुआ ना!' ती म्हणे. 'मी तुझ्या अक्षराचा फाँट बनवते. तू मोबाईलवर टाईप करशील, अन् बाबांना तुझ्या हाताचं दिसेल.'

त्याच्यासाठी तिले जुन्या वह्या पाह्यजे होत्या. मी म्हणलं, त्या रद्दीत गेल्या. दर दिवाळीले मीच भरलेल्या वह्या यायच्या हातात देत होती, रद्दीवाल्याले द्या म्हणून. भूमिकानं बापाले वहीत विचारलं. हे उठले, चाचपत पलंगाखालची लोखंडी पेटी ओढली, कुलूप काढलं. वर रिटायर होताना भेटलेली शाल, अन् खाली वह्या. एकावर एक, एक्केचाळीस.

मी पेन्सिल घेऊन लिहिलं, 'ह्या देल्या नाही तुम्ही?'

दोनदा बोट हुकलं, मंग वाचलं. 'तू एवढी बोलली याच्यात,' हे म्हणे, 'रद्दीवाल्याले कावून देऊ?'

मले रागच आला. कावून का वीस वर्षं हे मले त्या पेटीले हात लावू देत नव्हते, अन् मी समजत होती का आत दारू आहे.

तीन महिने पोरगी खपली. वह्यातले अक्षरं वेचले, फोटो काढले, कॉम्प्युटरवर घासले. जे माह्या भांडणात कधी आलेच नाही, ते माह्याकडून कागदावर काढून घेतले. म्हणे, तुझा ठ म्हणजे अंड्यावर बसलेली कोंबडी आहे. मी म्हणलं, ठ तसाच असते. तिनं नाव ठेवलं 'मथुरा मोनो'. मोनो म्हणजे सारखे घरं, हे तिनं सांगतलं होतं, तरी नाव ऐकून मले वाटलं पावडर आहे.

तिच्या ऑफिसातल्या लोकायनं पाह्यलं, त्यायले लय मजा वाटली. भूमिकाची मैत्रीण टीना, उतई गावची, जवसाची चटणी बनवून विकते. तिनं पाकिटासाठी तेच अक्षर मागतलं. सिव्हिक सेंटरच्या बाजाराकडे तांदळाच्या चीला अन् फऱ्याचा ठेला आहे, त्याची पाटी त्याच अक्षरात झाली. सगळे घरं सारखे असल्यानं पाटीवर ओळीखाली ओळ आपसूक बसते म्हणे, आखाची गरज नाही. एका लहान पोरायच्या लायब्ररीनं भिंतीवर क-ख-ग लावला. अन् मी आपल्या हुडकोच्या दुकानात साबण घ्याले गेली, तं समोर चटणीचं पाकीट. माह्याच हाताचा च, माह्याच हाताचा ट! मी दुकानदाराले म्हणलं, 'हे माहं अक्षर आहे.' तो म्हणे, 'काकी, चटनी दूँ क्या?' दोन पाकिटं घेतली. घरी चटणी आधीच होती.

तारीफ कोणाले आवडत नाही? मले बी आवडली. पण जवसाच्या चटणीसाठी नव्हतं चाललं हे. ज्याच्यासाठी चाललं होतं, त्यानं अजून पाह्यलं नव्हतं.

एका रविवारी सकाळी भूमिकानं व्हरांड्यात यायच्या मांडीवर टॅब ठेवला. एका ओळीत पाचच घरं. त्याहून जास्त यायच्या नजरेत मावत नाही, अन् घर त्याहून मोठं केलं तं एक घर बी पूर्ण दिसत नाही. हे तिनं दोन आठवडे पाहून पाहून ठरवलं होतं. मी दारात उभी राहून लिहिलं, 'थेंब टाकले का?'

यायनं बोट ठेवलं. एक घर, दुसरं घर, तिसरं. कुठं हुकलं नाही. ओळ संपली, खालची ओळ सापडली. 'टाकले,' हे म्हणे. भूमिकानं टाळी वाजवली. माह्या डोळ्यात पाणीच आलं.

यायनं बोट परत पहिल्या घरावर नेलं. मंग विचारलं, 'कोण बोलून राहिलं हे?'

मी समोर जाऊन आपल्या छातीवर हात ठेवला.

'नाही,' हे म्हणे. 'अक्षर तुहंच आहे. पण तू नाही.'

अन् पेटीतली एक वही मागतली. एक पान डोळ्याले चिकटवून पाह्यलं, बोट ठेवलं. 'हे पाह्य. हे तू रागात लिहिलं. अक्षर घराच्या चारही भिंतीले लागलं, पेन्सिल खालच्या पानावर उतरली. अन् हे पाह्य, हे सहज लिहिलं. बारीक, घराच्या मधात बसलं, चारही बाजूनं जागा. मी आधी तुही मिजास पाहतो, राग आहे का नाही, मंग शब्द वाचतो. याच्यात,' अन् टॅबवर बोट आपटलं, 'सगळं एकाच मिजासीचं. भूमिकाची माय एवढी गरीब कधीपासून झाली?'

ऐका आता! मी समजत होती का मी वीस वर्षं शब्दानं भांडली. मी एकेक शब्द निवडून, घासून, तिखट करून ठेवत होती. अन् हा माणूस शब्द मागून वाचत होता.

भूमिकाचं तोंड उतरलं. तिनं कबूल केलं, का वह्यातून तिनं सगळे सहज लिहिलेलेच अक्षरं उचलले होते. तेच तिले सुंदर वाटले, मोकळे मोकळे. रागातले तिनं खराब म्हणून बाजूले टाकले. 'ये तो आधी आई ही छूट गई,' ती म्हणे. मी म्हणलं, अर्धी नाही, पाऊण.

मंग ठरलं, दोन तऱ्हेचे अक्षरं कराचे. एक साधं, एक रागाचं. मोबाईलवर एक बटण, दाबलं का तऱ्हा बदलन. पण जुन्या वह्यातले रागाचे अक्षरं घासून घासून काळे झाले होते, उचलता येत नव्हते. भूमिकानं माह्यासमोर कोऱ्या चौकटी ठेवल्या. 'आई, राग कर.'

असा राग येते का? सांगून? चाळीस वर्षं न सांगता येत होता, सांगतल्यावर येईना. मी दात दाबून क काढला, तो बी मधात जाऊन शहाण्यासारखा बसला. भूमिकानं हिराले बोलावलं, काकी, आईले चिडवा. हिरा विचार करून म्हणे, 'वहिनी, तुमच्या कढीपत्त्याले कीड लागली.' मले हसूच आलं. हिराले तेवढंच जमते.

तेवढ्यात हे बाकावरून बोलले, साऱ्या गल्लीले ऐकू जाईन असं. 'नंदिनीवाल्या वहिनीच्या पाटवडीची सर भूमिकाच्या मायच्या पाटवडीले कधी आली नाही. चाळीस वर्षं खाल्ली मी. कोणाले सांगू?'

नंदिनीवाल्या म्हणजे यायच्या मोठ्या भावाची बायको, नंदिनी नगरले खदानीच्या क्वार्टरात राहत होती. तिची पाटवडी! जिच्यात बेसन कमी अन् पाणी जास्त! मी कागद ओढले. अन् मंग लिहिलंच. तिचं बेसन काढलं, तिचं क्वार्टर काढलं, माह्या लग्नात तिनं काय म्हणलं होतं ते काढलं. बाजूले भूमिका म्हणून राहिली, 'आई, ढ पण येऊ दे. ठ पण.' मी म्हणलं, येते ना! ढोंगी लिहिते, ठग लिहिते! तीन पानं भरले. हात दुखाले लागला तेव्हा मान वर केली, तं भूमिका तोंड दाबून हसून राहिली. बापाच्या मांडीवर टॅब होता अन् त्याच्यावर तिनंच ते वाक्य लिहून देलं होतं, बाबा, हे जोरात बोला म्हणून. हिरा साऱ्या गल्लीत सांगत गेली. पाटवडीचं खरं का खोटं, ते मले अजून कोणी सांगतलं नाही.

रागाचे अक्षरं तयार व्हाले महिना लागला. त्या महिन्यात यायच्या नजरेची नळी आणखी बारीक झाली. डॉक्टर म्हणे थेंब चालू ठेवा, अन् आम्ही ठेवले. पण हे आता दाराच्या चौकटीले खांद्यानं लागत होते. वहीतलं एकही अक्षर दिसत नव्हतं. खिळ्यावरची वही मी काढून टाकली.

रविवारी दोन्ही तऱ्हा मोबाईलवर आल्या. मी ठरवूनच बसली होती, का पहिलं बोलणं साध्यात कराचं, गोडीनं. एवढं खपली पोरगी, एवढं सोसलं यायनं, मी बी एकदा नीट बोलून पाहते. लिहिलं, 'आज काय जेवता?'

यायनं टॅब जवळ नेला, दूर नेला. 'काही नाही दिसत.'

परत पाठवलं.

'बारीक बारीक काहीतरी हलते. दिसत नाही.'

भूमिकानं हात लांबवून बटण दाबलं. तेच शब्द रागाचे झाले. चारही भिंतीले लागलेले, जाड, पिवळेजर्द.

'आज काय जेवता!' यायनं एका दमात वाचलं. 'हे दिसते. हेच ठेव. भात कर.'

भूमिकानं मले समजावलं. दोन्ही तऱ्हेच्या अक्षरायचं घर तेवढंच आहे, ते वाढवता येत नाही. साधं अक्षर त्या घरात आंग चोरून बसते, आजूबाजूले जागा सोडून. ती रिकामी जागाच बाबांच्या डोळ्यापुढं अक्षराले गिळून टाकते. रागाचं अक्षर सगळं घर भरून टाकते, म्हणून ते दिसते. 'आई, साधे वाले को मोटा कर दूँ?' तिनं विचारलं.

'मोटा केला तं तो साधा राहीन का?' मी म्हणलं.

म्हणजे आता उरलेल्या आयुष्यात या माणसाशी मले रागातच बोलाचं. भात झाला, रागात. आंघोळीचं पाणी काढलं, रागात. भूमिका पोचली, तिचा फोन आला होता, रागात. वीस वर्षं माह्याकडे साधं अक्षर बी होतं, अन् यायले ते दिसत बी होतं. तेव्हा मी त्यात काय लिहिलं? दूध फाटलं. लाईट गेली. दार लावा. मले माहाच राग आला, अन् या खेपेले कोणी चिडवलं नव्हतं.

सोमवारी सकाळी भूमिका गाडीले गेली. नऊ वाजले होते, व्हरांड्यात ऊन होतं. रस्त्यानं भाजीवाला ओरडत जाऊन राहिला होता. हे बाकावर बसले होते, टॅब मांडीवर. मी घरातले कामं तसेच टाकले अन् बाजूले येऊन बसली. मोबाईल घेतला, रागाचं बटण दाबलं, अन् जे एक्केचाळीस वह्यात कुठंच नव्हतं ते लिहिलं.

'मले भेव लागते. उद्या हे बी दिसलं नाही तं मी तुमच्याशी कशी बोलू.'

टॅबवर ते असं उमटलं, का कोणी पाह्यलं असतं तं म्हणलं असतं, बाई नवऱ्याले फाडून खाऊन राहिली. हे एकेक घर वाचत गेले. 'भेव' वर बोट थांबलं. मागं गेलं, परत आलं. ओळी संपल्या तरी बोट काचेवरच होतं.

मंग यायनं टॅब बाजूले ठेवला. डोळे बंद केले. उजवा हात माह्यासमोर उघडा धरला.

'बोटाले पेरं असतात,' हे म्हणे. 'एका बोटाले तीन. अंगठा सोड. चार बोटं, बारा घरं, सगळे सारखे. लिही.'

मी मोबाईल बाजूले ठेवला.

'लिही ना वं. डोळे आहे तवापर्यंत शिकून घेऊ. चुकलं तं टॅबवर पाहून घेता येईन.'

मी हात धरला. चाळीस वर्षात दिवसाढवळ्या, व्हरांड्यात, रस्त्यावरच्या लोकायसमोर मी यायचा हात धरला नव्हता. भाजीवाला पाहत गेला. पाहू दे.

'आधी एक सांग,' हे म्हणे. 'मले काहीच दिसत नाही असं झालं, तरी भांडशीन का?'

अंगठ्याजवळच्या बोटाच्या पहिल्या पेरावर मी हळूच भ काढला.

'नाही समजलं.'

परत काढला.

'हळू कावून? रागानं काढ.'

मी नख रोवलं. पेराच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, जागा न सोडता. 'भ,' हे म्हणे. पुढच्या पेरावर काना काढला अन् त्याच्यावर टिंब टोचलं. मंग ड. मंग दुसऱ्या बोटावर वेलांटी, तिचा पाय ड च्या छपरावर. मंग न. माह्या डोळ्यातलं पाणी यायच्या तळहातावर पडलं, ते मी पदरानं पुसलं, कावून का अक्षर समजलं नसतं.

हे ओठातल्या ओठात जुळवत होते. एकदा चुकले, मान हलवली, परत पहिल्या पेरापासून आले. मंग मोठ्यानं म्हणे, 'भांडीन!'

मी यायचा हात दाबला, हो म्हणून.

यायनं डोळे उघडले नाही, अन् हात बी मागं घेतला नाही. सात घरं अजून रिकामे होते. मी पुढचं लिहाले घेतलं.